रविवारच्या बैठकीत आम्ही कशाला हो म्हणालो

चिंचवडगाव, सोमवार

ती. जयमालावन्सं यांना सुमेधाचा वाकून नमस्कार.

मोरयाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? सुंठीचा लेप सोडू नका (मलमापेक्षा स्वस्त पडतो आणि वासही घरचा येतो).

कॉम्प्युटरवरच्या कालच्या बैठकीबद्दल लिहायचं आहे. कऱ्हाडचं स्थळ तुम्ही आणलंत, सईचं आणि दिग्विजयचं एकमेकांशी पटलं, आता मोडलं तर तुम्हा मोठ्यांमुळेच मोडेल, अशी तंबी देऊनच सई काल माणला ऑफिसात गेली होती (हल्ली रविवारीही बोलावतात). म्हणून मी बैठकीआधी आवाज तपासला होता, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सुमेधा धांदरट. कॉम्प्युटरवर आरती लावली, ती अशी दणदणीत वाजली की समोरच्या मिनलने दार उघडून पाहिलं. खाली कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र असतं, तिथे शंभर आकडा होता. शंभराच्या वर आणखी काय असणार? बरोबर अकराला बैठक उघडली. दिग्विजयच्या आई अंजलीताई, आजोबा उद्धवराव आणि कोपऱ्यातल्या चौकोनात तुम्ही, सगळे दिसलात. ओठ हलत होते. आवाज नाही.

आता मुलाकडच्यांना पहिल्याच भेटीत ‘ऐकू येत नाही’ कसं म्हणायचं? मी तुमच्या बंधूंकडे पाहिलं, तर हे गंभीरपणे मान डोलवत होते. म्हटलं, चाकणला प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढून ज्यांचा डावा कान कंपनीतच राहिला, त्यांना ऐकू येतंय, म्हणजे माझेच कान गेले. (ह्यांचं म्हणणं नंतर कळलं. ह्यांना वाटलं, नेहमीसारखं आपल्यालाच ऐकू येत नाही, सुमेधा मान हलवते आहे तर हलवावी.) तुम्हीही हलवत होतात. असा आम्ही चाळीस मिनिटं एकमेकांच्या भरवशावर होकार दिला. अंजलीताई हसल्या की हसलो, उद्धवरावांनी डोळे पुसले तेव्हा मी पदर लावला. मग अंजलीताईंनी दोन बोटं दाखवली. मी एक दाखवलं. (सवय हो. भाजी असो की काही असो, समोरच्याचा पहिला आकडा अर्ध्यावर आणायचा.) त्यांनी उद्धवरावांकडे पाहिलं, आणि दोघांनी आम्हाला हात जोडले. पेढ्यांचा पुडा कॅमेऱ्यासमोर आला आणि बैठक संपली. मी ह्यांना विचारलं, ‘काय काय ठरलं?’ हे म्हणाले, ‘तू सांग ना.’

मग मिनलला बोलावलं. तिने त्या कर्ण्यावर उजव्या बटणाने टिचकी मारून एक यादी उघडली. तिथे प्रत्येक ॲपची आपापली वेगळी पट्टी. आरतीची शंभरावर, बैठकीच्या ॲपची शून्यावर. ती मीच केलेली. गुरुवारी त्याच ॲपवर आमचा स्तोत्राचा वर्ग असतो, चाळीस बायका एकच ओळ चाळीस वेगवेगळ्या वेळी म्हणतात, म्हणून मी त्याचा आवाज काढून आपलं आपलं म्हणते. वाटलं, वर्ग संपला की ते आपोआप जागेवर येईल. पण यंत्र मनात धरून बसतं. मिनल म्हणाली, ‘काकू, गच्चीवरची टाकी भरलेली आहे, तुमच्या मोरीचा नळ बंद आहे.’ हे पटलं. पण पुढे म्हणाली, टाकीची चावी निम्मी केली तर सगळेच नळ निम्मे, एक नळ निम्मा केला तर तेवढाच निम्मा, शिवाय कधी ॲपच्या पोटातही आणखी एक पट्टी असते आणि बाहेरच्या स्पीकरला वेगळं बटण. मॅट्रिकला मला गणितात साठ होते, तरी एका आवाजाला चार मालक कशाला, हे डोक्यात शिरत नाही. आणि ऐकू येत होतं शून्य, तर ते शंभर कशाचे? बरं, मोठी पट्टी हलवली की ‘टुंग’ वाजायचं, आणि मी आपली निश्चिंत.

फोनच केला असता, पण ह्यांच्यासाठी तो मोठ्याने लावावा लागतो आणि शेजारीपाजारी ऐकू जाऊन संध्याकाळपर्यंत सगळं सईच्या कानावर जातं. तिला अजून सांगितलेलं नाही. काल आल्या आल्या विचारत होती, ‘आई, कशी झाली बैठक?’ मी म्हटलं, छान झाली, तेच जास्त बोलले. यात खोटं काही नाही.

देवापुढे तुमच्या नावाची एक दूर्वा रोज जास्त वाहते. कृपा असावी.

तुमची भावजय,
सुमेधा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की आम्ही कशाकशाला हो म्हणालो ते ओळीने लिहून पाठवा, विशेषतः ते एक बोट. दोन दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं असेल तर मोरया पावला. दोन महिन्यांचं एका महिन्यावर आलं असेल तर मला आजच कार्यालय शोधायला निघायला हवं. पाकिटावर माझंच नाव घाला.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात सई ऑफिसातून आली. दिग्विजयने तिला सांगितलं म्हणे, की त्याच्या आईला आम्ही फार आवडलो. याआधी चार ठिकाणी बैठका झाल्या, पण मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसं पहिल्यांदाच भेटली, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. येत्या एकादशीला पुन्हा बैठक ठेवली आहे. पट्टी कुठे आहे ते मला आता माहीत आहे. वर करू की आहे तशीच राहू दे, ते उलट टपाली कळवा.