पौर्णिमेला होडी जात नाही

गुरू,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मी लॅबमध्ये जाते. बांगड्याचं तिखलं झाकून ठेवलं आहे.

आज पौर्णिमा. चांदण्यात मासळीला जाळं दिसतं, म्हणजे रात्री होडी जाणार नाही. फाटकी जाळी उद्या शिव. मालवणात धक्क्यावर कंदील महोत्सव आहे, संध्याकाळी जाऊया. दिवाळीत आपल्याच दारातला कंदील आपण दोघांनी एकत्र पाहिला नाही. मी घरी येते तेव्हा तू निघालेला असतोस.

काल आपल्या चिठ्ठ्या पाहून आई हसत म्हणाल्या, "गो, तुमी दोघां घरात रवतास की पोस्टात?"

निळा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे. येतोस की नाही, ते या कागदावर लिहू नकोस. मी आल्यावर तोंडाने सांग.

किशोरी