दाजी, पिशवी फाटलेली नव्हती

दाजी,

‘प्रिय’ लिहिणार होतो, पण आज तो शब्द लिहवत नाही.

तुम्ही गेल्यापासून ताई धड जेवत नाही. काल तिने मला विचारलं, “निलेश, मी ती पिशवी उन्हात वाळत घातली म्हणून गेले का रे ते?” तुमच्या पाण्याखाली जायच्या मशीनची श्वासाची पिशवी तिने आदल्या दिवशी धुऊन खरवईच्या घराच्या गच्चीवर टाकली होती. तेराव्याला कुणीतरी तिला सांगितलं, रबर उन्हाने तडकतं. झालं! तेव्हापासून ती स्वतःला गुन्हेगार समजते. तिच्याशी बोलण्याआधी मला तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून हे पत्र.

सगळे मशीनला शिव्या देतात. बोगद्याच्या कामाचा ठेकेदार येईल त्याला सांगतो, “जुनं मशीन, दगा दिला.” त्याला ते सोयीचं आहे. मला चीड येते, कारण मशीन चांगलं होतं.

सेमी-क्लोज्ड रिब्रीदर. गोव्याहून ते आणलंत तेव्हा लहान मुलासारखे नाचला होतात. उल्हासनगरच्या रबरवाल्या शेठला तुम्ही ते समजावलंत: सोडलेला श्वास पिशवीत जातो, चुन्याच्या दाण्यांतून गाळून परत येतो, आणि छोट्या सिलिंडरमधून जास्त ऑक्सिजनवाला गॅस ठरलेल्या धारेने त्यात मिसळत राहतो. शेठ म्हणाले, “छोडी हुई साँस वापस? साईं, ये तो अपने मार्केट का ही माल है.” तुम्ही हसत बसलात. वॉशर मी निवडले.

नदीकाठच्या त्या पाण्याने भरलेल्या बोगद्यात आधी दोन डायव्हर साध्या सिलिंडरने जाऊन आले होते. त्यांचे बुडबुडे छताला आपटले, गंज आणि गाळ खाली आला, स्वतःचा हात दिसेना. तुम्ही मशीन घेऊन गेलात. बुडबुडे जेमतेम, पाणी स्वच्छ, आणि गॅस तासाहून जास्त पुरला. वळणापलीकडे दगड कुठे अडकलाय, ते तुम्हीच पाहून आलात. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता!

पण ते पाहून येण्याचं मशीन होतं, दाजी. पहार मारण्याचं नव्हतं. गॅसची धार ठरलेली. सावकाश पोहणाऱ्याला ती भरपूर होते. दगडाशी झटणाऱ्याचं शरीर त्याहून जास्त ऑक्सिजन खातं. पिशवी भरलेली असते, श्वास चालू असतो, गुदमरल्यासारखं होतच नाही. माणूस नुसता झोपतो. ऑक्सिजन दाखवणारं मीटर त्या जुन्या मशीनला नव्हतंच. हे सगळं तुम्हीच मला शिकवलंत ना? मग ते दुसऱ्यांसाठी होतं का?

दगड काढायच्या कामाला वरून नळीने हवा घ्या, मी म्हणालो. नळी वळणावर अडकते, तुम्ही म्हणालात. ते खरं होतं. शेवटी ठरलं की मशीनच न्यायचं, आणि दर पाच मिनिटांनी मी तुमच्या कमरेची दोरी तीनदा ओढायची. तुम्ही काम थांबवायचं, पिशवीतला जुना गॅस सोडून ताजा भरायचा, आणि मगच तीनदा उलट ओढायची. त्याला अर्धं मिनिट तरी लागतं. आपण टाकीत बसून मोजलं होतं.

पहिलं उत्तर मी चार मोजेपर्यंत आलं.

मला कळलं होतं, दाजी. तिथेच कळलं. तुम्ही पहार खाली ठेवलीच नव्हती. चार ओढी म्हणजे वर या, हेही ठरलेलं होतं, आणि दोरी माझ्याच हातात होती. पण सकाळीच तुम्ही सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला होतात, “मास्तरांनी नववीत शाळा सोडली, आता माझी हजेरी घेतायत.” सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पुन्हा हसतील म्हणून मी त्या चार ओढी दिल्या नाहीत.

दुसरं उत्तरही तसंच आलं. तिसरं आलंच नाही.

ती दोन उत्तरं का दिलीत? गप्प राहिला असतात तर मी त्याच क्षणी तुम्हाला बाहेर ओढलं असतं. माझी भुणभुण बंद व्हावी म्हणून खोटं बोललात, तेही दोरीवर, जिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो! असला राग मला आजवर कुणाचा आला नव्हता. स्वतःचाही नाही, आता तोही येतो.

पंचनाम्यानंतर मशीन परत मिळालं. काल ताईने विचारल्यावर मी पिशवी फुगवून पिंपात बुडवली. सगळ्या शिवणी, सगळे जोड पाहिले. एक बुडबुडा आला नाही. गॅसची धार बरोबर होती. चुना अंबरनाथहून आणलेला, नवा. मीच भरला होता.

ताई आत भात लावतेय. कुकर उतरला की मी तिच्यासमोर बसणार आहे. सांगणार आहे, की पिशवी चांगली होती. ताजा गॅस न भरताच तुम्ही ओढ दिलीत. आणि मला ते कळलं होतं. यातलं शेवटचं वाक्य मी गाळणार नाही, तुम्हाला वचन देतो. तिने मला घराबाहेर काढलं तर जाईन. पण ती पोटभर जेवली हे कळेपर्यंत जिन्यात बसून राहीन.

ज्याच्या हातात दोरी होती, तो तुमचा मेहुणा,
निलेश