गच्चीवरचं झाकण

चि. भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुमची तब्येत बरी असणारच, कारण बिघडली की तुम्ही पहिला फोन मलाच करता. मी ठीक आहे. दोन स्टॉपवर राहणाऱ्या दिराला पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "बरं बरं वहिनी" करून दोन मिनिटांत ठेवता, आणि हे दोन मिनिटांचं काम नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाचा, लागेल.

तुमच्या दादांची दुर्बीण घ्यायला रविवारी गिऱ्हाईक आणतो म्हणालात आणि मी हो म्हटलं. (हातात तापलेली इस्त्री होती, तेव्हा मी कशालाही हो म्हटलं असतं.) खरं सांगायचं तर मलाही ती ब्याद नकोच होती. वीस वर्षं मी त्या गच्चीवर लॉजच्या चादरी वाळवतेय, आणि शेवटची सहा वर्षं चादरींच्या मधोमध हा बंब उभा. वर तुमच्या दादांना समजावून सांगायची हौस. म्हणे फार लांबची आकाशगंगा आहे, उजेड इतका पुसट की एका फोटोत मावत नाही. पाच-पाच मिनिटांचे शेकडो फोटो एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे ती उमटते. ढगाळ फोटो फेकायचे. मग दुर्बिणीच्या तोंडावर पांढरी चादर ताणून कोऱ्या उजेडाचे फोटो काढायचे (चादर लॉजची! मधोमध गोल वळ कसला, असं मॅनेजरनं विचारलं. काय सांगू त्याला?). आणि कहर म्हणजे झाकण लावून अंधाराचे फोटो. मी म्हटलं, अहो, अंधार बघायला यंत्र कशाला, डोळे मिटा. तर म्हणाले, आधी अंधार नीट टिपायचा, मग तो वजा करायचा, उरेल ते खरं. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस, पण बोलणं असलं.

त्यांना चाळीस तासांचा उजेड हवा होता. बत्तीस झाले आणि आजारपण आलं. दवाखान्यात शेवटी म्हणाले, "आठ तास राहिले गं." (नर्स घाबरून डॉक्टरांना बोलवायला पळाली.) माझ्याबद्दल एक शब्द नाही. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं, ती आकाशगंगा वर्षातून याच दिवसांत दिसते, तेव्हा म्हटलं रविवारच्या आत ते आठ तास उरकून टाकू. बटणं मला येतात. शेवटी शेवटी त्यांना जिना चढवेना, तेव्हा खालून ओरडायचे, "हिरवं दाब, लाल नको!"

पहिल्या रात्री मोबाईल म्हणाला आकाश स्वच्छ. माझ्या नाकानं सांगितलं, नाही. ढग मला चादरींनी शिकवलेत. अकरापर्यंत बसले, मग झाकण लावलं, वर प्लास्टिक टाकलं, गाठोड्याला मारते ती गाठ मारली, गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि झोपले. सकाळी गाठ सुटलेली, झाकण स्टुलावर उताणं, आणि प्लास्टिकची चार पदरी घडी. कोपरे न जुळवता. (चादरींच्या घड्या घालून पोट भरणाऱ्या बाईचा नवरा, पण जन्मात कोपरे जुळवले नाहीत.) कॅमेऱ्यात दोन ते चार असे दोन तासांचे स्वच्छ फोटो. मीच विसरले असेन म्हटलं. दुसऱ्या रात्री गाठ दोनदा तपासली. सकाळी तेच, आणखी दोन तास. तिसऱ्या रात्री पाऊस झाला, तेव्हा मात्र झाकणाला हातसुद्धा नाही. म्हणजे जे कोणी येतं ते आकाश बघून येतं.

चौथ्या रात्री दिवा न लावता स्वयंपाकघरात बसले, हातात चादरी ढवळायचा दांडका. जिना वाजला नाही. (लोखंडी जिना, मांजर चढलं तरी वाजतो. माझा डोळा लागला असेल.) पण दोनच्या सुमाराला डोक्यावर स्टूल सरकलं, मोटर घुरघुरली, आणि मग सगळं गप्प. कोणी बसलेलं असतं तसं गप्प. तास गेला, दोन गेले, तीन होत आले. माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "अहो, गुडघ्याला वारं लागतंय, शाल घ्या!" वर स्टूल एकदा करकरलं. मग मला रागच आला आणि दांडका घेऊन चढले. कोणी नाही. कुलूप जागच्या जागी. सगळं आभाळ ढगांनी भरलेलं, फक्त दुर्बिणीसमोर चादरीएवढं भोक, तेही माझ्यादेखत मिटलं. स्टुलाला हात लावला तर कोमट. (माझे हात इस्त्रीचे, त्यांना सगळंच कोमट लागतं.)

एकोणचाळीस तास झाले, भाऊजी. एक राहिला. तो झाला की वर यायचं कारणच संपलं. वीस वर्षं ढगांना शिव्या घातल्या, आणि परवा चादरी ओल्या राहिल्या तर मला बरं वाटलं. काल आभाळ लख्ख होतं, म्हणून कॅमेऱ्याची बॅटरी काढून पिठाच्या डब्यात लपवली आणि स्टुलावर शाल ठेवून आले. सकाळी झाकण काढलेलं. फोटो एकही नाही. शालीची घडी घातलेली, कोपरे न जुळवता. म्हणजे कोणीतरी नुसतंच बसून गेलं.

असो. पित्ताचं औषध वेळेवर घ्या.

तुमची,
वहिनी

ता. क. : गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगा. काम अर्धवट आहे. आणि ढगांचा काय नेम, दहा वर्षंही लागतील.

आणखी ता. क. : गच्चीच्या चाव्या दोनच. एक माझ्या कमरेला, दुसरी आजारपणात तुमच्याकडे दिली होती. कोपरे तुम्हालाही जुळवता येत नाहीत, घराण्याचाच दोष. तेव्हा वर येणारे तुम्ही असाल, तर चोरासारखे येऊ नका, बेल वाजवा, चहा देईन. आणि तुम्ही नसाल, तर या पत्राला उत्तर लिहू नका.