फेकायचं की झेलायचं

५ सप्टेंबर, शुक्रवार

नाही म्हणजे नाही! परत तेच — सर म्हणाले, सर म्हणाले! दोन वर्षं माझ्या भावाला कडेला उभा केला, बॉल वाहायला लावला, मधूनमधून चार बॉल फेकायला दिले. आता तिसऱ्या वर्षी त्याची पाळी आली तर त्यांचे कोच हरिहर सर म्हणतात, संदेश, तू फेकू नकोस, तू पळ आणि झेल. फेकणार कोण? क्षिप्रा. बाळकुमच्या कॉम्प्लेक्समधली. तिने बोट दाखवायचं आणि आमच्या डोंबिवली-मानपाड्याच्या पोराने धावायचं. वा रे वा!

मला सगळा खेळ कळत नाही, मान्य. अमेरिकेतलं फुटबॉल, पण पाय कोणी लावत नाही. लांबुळका बॉल हाताने फेकायचा. त्यांचं ठाण्याचं कॉलेज त्यातला साधा प्रकार खेळतं, पाडापाडी नाही. कमरेला पट्ट्या लटकवतात, पट्टी ओढली की गडी तिथेच थांबला. एवढं नक्की कळलंय — फेकतो तो क्वार्टरबॅक, अख्खी टीम त्याच्या तोंडाकडे बघते. झेलणारे ते रिसीव्हर. मी नववीत शाळा सोडली, इथे मस्कतच्या भाजी मार्केटात ट्रक खाली करतोय, ते कशाला? घरातल्या एका तरी माणसाच्या तोंडाकडे लोकांनी बघावं म्हणून.

फोनवर सांगून टाकलं. सरांना म्हण, फेकीन तर खेळीन, नाहीतर बसून राहीन.

"दादा, तू बोलतोयस म्हणून..." म्हणाला.

८ सप्टेंबर

दिवाळीच्या तिकिटाचे पैसे झाले. आपल्याकडचे सोळा हजार पाचशे रुपये. दोन वर्षांनी घरी. आधी आईच्या पाया पडणार. मग हरिहर सर. समोरासमोर!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. संदेशने पाठवलेले व्हिडिओ खाटेवर पडून बघितले. पहिल्या वर्षीचा बघून हसायला आलं. समोरचा जिथे दिसतोय तिथे हा फेकतो, आणि बॉल पोचेपर्यंत तो पुढे पळालेला. बॉल पाठीमागे धप्प. दुसऱ्या वर्षीचा बरा. पण हा थांबतो. समोरचा वळलेला दिसल्याशिवाय हातातून सोडत नाही.

मग क्षिप्राचा लावला. तिने रिकाम्या जागेतच फेकला! मी म्हटलं, गेला बॉल. तेवढ्यात एक पोरगा पळत आला, वळला, आणि बॉल हातात. परत लावला. परत तसंच.

सरांचं म्हणे एक बोलणं आहे — फेकणारा पहिल्या वर्षी हाताने खेळतो, दुसऱ्या वर्षी पायाने, तिसऱ्या वर्षी डोळ्याने. झेलणाऱ्याला सगळं असून भागत नाही, त्याला समोरच्यावर भरवसा लागतो.

बोलायला काय जातंय त्यांचं.

१५ सप्टेंबर

बसवला त्याला बाहेर! मी सांगितलं तसंच सरांना बोलला आणि सर म्हणाले, बरं, बस. एवढंच. ना ओरडले ना समजावलं.

आईचा फोन. "पोरगं जेवत नाही धड. तुम्हा दोघांचं काय चाललंय?"

म्हटलं, आई, तू मधे पडू नको.

"मी कुठे मधे? मी घरात आहे. मधे तू आहेस, आणि तोही समुद्रापलीकडून!"

१८ सप्टेंबर

धोंडीबा महिनाभर साताऱ्याला गेला. तो खाली झेलायचा, मी ट्रकवरून कलिंगडं फेकायचो. चार वर्षांची जोडी. आता सुपरवायझर म्हणतो, "विश्राम, नीचे." वर नवा नेपाळी.

पहिल्याच तासात पाच फोडली. एक छातीवर बसलं. सगळी गँग दात काढतेय — "क्या भाई, जूस सेंटर खोला क्या?" पैसे कापणार ते वेगळंच. धोंडीबा मला नेहमी चिडवायचा ना — "वर हुबा ऱ्हायला की गड्याला वाटतं, ट्रक आपुनच खाली केला!" आज बरोबर लागलं ते.

१९ सप्टेंबर

छाती दुखतेय. उद्या परत खाली.

२२ सप्टेंबर

आज एकही नाही फुटलं.

झालं असं. मी कलिंगडाकडे बघणंच सोडलं. नेपाळ्याच्या खांद्याकडे बघत राहिलो. खांदा कसा फिरला की कुठे पडणार, हे मला ठाऊक आहे ना — चार वर्षं मीच वर होतो! त्याच्या हातातून सुटायच्या आधी मी तिथे. वर उभा राहिलो नसतो तर हे जमलंच नसतं.

मग जेवताना घास हातातच राहिला. संदेश दोन वर्षं फेकायला शिकला...

नाही. तरी सरांनी आधी सांगायला पाहिजे होतं.

२४ सप्टेंबर

राहवलं नाही. फोन केला. म्हटलं, संद्या, झेलताना बॉलकडे बघू नकोस, क्षिप्राच्या खांद्याकडे बघ.

तिकडून हळूच — "दादा, ओरडू नकोस हां. मी गेल्या आठवड्यापासून झेलतोय."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू रोज फोन केला असतास! मला जमत नव्हतं रे आधीच. रोज पाडत होतो."

आईला माहीत होतं. बाबांना माहीत होतं. मलाच नाही. फोन ठेवून दिला.

२५ सप्टेंबर

परत केला. म्हटलं, खांदा लक्षात ठेव.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कळव्याच्या मैदानावर मॅच. बाबांनी फोन धरलेला, अर्धा वेळ मला आभाळच दिसत होतं. संदेशने पहिले दोन पाडले. समोरची पोरं ओरडतात — "ए डोंबिवली, हाताला तेल लावलंस काय?" तिसऱ्या वेळी क्षिप्रा किंचाळली, "बघू नको, पळ!" आणि बॉल सोडलाही. रिकाम्या जागेत. हा पाठमोरा पळतोय. मी इथे खाटेवर उभा! वळला — आणि हातात!

हरले. एकाच गुणाने. पण हरिहर सरांनी बाबांचा फोन मागून घेतला. "विश्राम ना तुम्ही? तुमचा भाऊ अजून कच्चा आहे, आणखी एक वर्ष जाईल. पण फेकणाऱ्याच्या मनातलं कळतं त्याला. असा झेलणारा मला आजवर मिळाला नव्हता. हैदराबादच्या शिबिराला नाव दिलंय मी त्याचं."

मी एवढं भांडण साठवून ठेवलेलं. तोंडातून निघालं, "हो सर."

७ ऑक्टोबर

शिबिर ऐन दिवाळीत. खर्च ज्याचा त्याने करायचा. संदेश आईला म्हणाला, मी नाही जाणार, दादा दोन वर्षांनी येतोय. मला एका शब्दाने बोलला नाही. पैशाचं तर नाहीच.

आईने विचारलं, "तुझ्यासाठी करंज्या ओल्या नारळाच्या करू की सुक्या?"

म्हटलं, मग सांगतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

संदेश अजून नाहीच म्हणतोय. म्हणू दे. वळेपर्यंत थांबायचं नसतं. तिकीट काढलं नाही. त्याच्या नावावर आज पाठवले — सोळा हजार पाचशे.