एक जुनं लुगडं

अकोला

माय,
तुले शालूचा जयभीम.

फोनवर रडू येते, म्हणून देवमनमामाजवळ हे चिठ्ठी देऊन राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी असते, पण वहिनीचेही दिवस भरत आले. दर्यापूरच्या त्या एका खोलीत दोन बाळंतिणी कशा मावतील? मी इथंच करतो. सरकारी दवाखाना जवळ हाय. पायावर सूज हाय, पण थोडीच.

वहिनी बराबर जेवते का?

नव्या कापडाचे लंगोट महाग पडतात अन् बाळाले टोचतात. तुह्या अंगावरचं एक जुनं लुगडं पाठव. धुवू मात्र नको. बाळासाठी मी इथं धुऊन घेईन. तवरोक मले उशाशी पाहिजे.

तुही,
शालू