कारखान्यातली तारीख

३ जून
आले बाई एकदाची! दोन पेट्या, हत्यारांची बॅग आणि आईने बळेबळे गळ्यात मारलेली गादी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढले. दारात नवरा नव्हता, त्याची आठ वर्षांची मुलगी होती. वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने विचारलं की एवढ्या स्क्रूड्रायव्हरांचं मी काय करते. म्हटलं, बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि आगाऊ मुलींचे कानही. हसली नाही बया. पण थोड्या वेळाने 'ए नवी आई' अशी हाक मारून सगळं घर दाखवलं. न लागणारी खिडकी, बाथरूमचा रुसका नळ, स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला मारलेल्या तिच्या उंचीच्या रेघा. खालच्या रेघा तिच्या आईने मारलेल्या. ती गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. वरच्या रेघा बापाच्या, त्या जरा तिरक्या आहेत.

मी तिचं नाव मिरची ठेवलं. असल्या नावाला ती ओ देणार नाही म्हणाली आणि लगेच दिली. नवरा उशिरा आला आणि सवयीप्रमाणे सगळ्यांची माफी मागत बसला. भला माणूस आहे. मला इथे आवडणार आहे.

११ जून
आज मिरचीने स्वतःहून माझ्याकडे काहीतरी मागितलं. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तिच्या आईचे फोटो आहेत, पण चालू केला की आधीच पासवर्ड मागतो आणि तो फक्त आईलाच ठाऊक होता. नवऱ्याला विचारलं, तर त्याने मान हलवली आणि बाहेर गॅलरीत गेला.

माझ्या हातचा मळ आहे हो हे. झाकण उघडलं, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढला, जरा थांबून परत बसवला. असं केलं की मशीन पासवर्डासकट सगळ्या सेटिंग्ज विसरतं आणि कारखान्यातून निघालं तसं होतं. फायलींना धक्का लागत नाही. पडद्यावर आलं की मूळ सेटिंग्ज लोड झाल्या आहेत, पुढे जायला एफ-एक दाबा. मिरचीला म्हटलं, दाब. तिनेच दाबलं.

आणि उघडलं! आई तिला न्हाऊ घालतेय, आई ओरडतेय, आई पोट धरून हसतेय. बाई दिसायला साधी, पण हसू असं की मलाही हसायला आलं. मिरची माझ्या कुशीत शिरून बघत बसली.

दुकानात आमचा नियम आहे की तारीख घातल्याशिवाय झाकण लावायचं नाही. मशीनमधलं घड्याळ नऊ वर्षं मागे, ते बनलं त्या दिवसावर गेलं होतं. पण कुशीतून उठवतंय कोण तिला? म्हटलं, उद्या बघू.

१३ जून
मिरची माझ्याशी बोलत नाहीये. तिचे सगळे फोटो गायब आहेत. आईचे आहेत, लग्नाचे आहेत, पण मिरची ज्यात आहे असा एकही नाही. मी पुसले म्हणते. मी कशाला पुसू ग? फार लागलं मनाला.

तारीख घातली. सकाळी पाहिलं तर परत नऊ वर्षं मागे. सेल बदलला. तेच.

१५ जून
नवरा आज शीळ घालत घरी आला. मागितली नाही एकदाही माफी! खाली स्कूटर लावली म्हणाला. स्कूटर त्याने केव्हाच विकली होती. गॅलरीतून वाकून पाहिलं. होती.

चौकटीवरच्या तिरक्या रेघा दिसत नाहीत. पुसल्याचा डागही नाही.

१६ जून
मिरचीचे बूट पायातून निसटतात. तोंड उघडायला लावलं. पुढचे मोठे दात नाहीत. त्या जागी दुधाचे आहेत, बारीक, पांढरे.

धावत जाऊन मशीनमध्ये आजची तारीख घातली. दुपारपर्यंत बूट नीट बसले, दात मोठे झाले. मी तिला एवढं घट्ट धरलं की गुदमरतेय म्हणून ओरडली. ओरड बाई, हवं तेवढं ओरड.

म्हणजे ते घड्याळ. त्या तारखेला मिरची जन्मलीच नव्हती.

१७ जून
सकाळी परत मागे. तारीख घातली. तासाभरात घसरली. परत घातली.

शाळेत फोन केला, ती आजारी आहे सांगायला. बाईंनी दोनदा शोधलं आणि म्हणाल्या की या नावाची मुलगी त्यांच्याकडे नाही.

नणंदेचा फोन आला. तिला वहिनीशी बोलायचं होतं. म्हटलं, बोलतेय की. ती म्हणाली की राँग नंबर लागलेला दिसतोय.

१८ —
मिरचीला चालता येत नाही नीट. मला 'नवी' म्हणते फक्त. पुढचं येत नाही.

नवऱ्याला दाखवलं. ही बघ, तुझी पोर बघ. त्याने माझ्या कुशीकडे पाहिलं आणि हसून म्हणाला की तुम्ही कॉम्प्युटर बघायला आलात ना, पाणी देऊ का. तुम्ही! मला, तुम्ही!

दुकानातून नवा बोर्ड आणला. नवा सेलही. जुना काढून हा बसवते. यावर टिकेल तारीख. टिकलीच पाहिजे.

दुपार
हलकी झालीय. फार हलकी. एका हाताने स्क्रू लावतेय, एका हाताने तिला —
रडत नाही. रड ग. मिरची, रड की.

नंतर
कूस रिकामी.

फक्त दुपटं आहे. गरम आहे अजून.

बोर्ड बसला. तारखेचा रकाना समोर आहे. आजची घालायची, एफ-दहा दाबून पक्की करायची. येईल. परत येईल ती —

दाराला किल्ली लागली. फोटोतली बाई. दम लागलाय, एक हात कमरेवर. दिवस भरत आलेत तिचे. मला पाहून हसली, ते तसंच हसू. म्हणाली उठू नका, काम चालू द्या. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

तारीख घातली आहे. बोट एफ-दहावर आहे. दाबलं तर ही — आता इथे बसली आहे, घाम पुसतेय — ही मेलेली असेल.

नाही दाबलं तर मिरची होईल. हिच्याच कुशीत. हिलाच आई म्हणेल. आणि मी कोण? ही चार वर्षांनी पुन्हा जाईल का, कुणाला विचारू —

बाई म्हणाली बघा ना कशी लाथा मारतेय, आणि माझा दुसरा हात धरून पोटावर ठेवला. मारली. तशीच. झोपेत मला मारायची अगदी तशीच.

तीच आहे. इथे आहे. हाताखाली.

बाई विचारतेय, झालं का हो ताई, आणि मी