आत्या, तिथं मी काय केलं

प्रिय आत्या,

काल तुमच्या माघारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं पांगल्यावर शेजारच्या चिमाकाकू माझ्याजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "तुझी सासू समद्यांला सांगायची, आमच्या सुनंनं तिकडं लई मोठं काम केलं. काय काम, इचारलं तर म्हनायची, तिलाच इचारा. मंग आता सांग की, काय केलतंस गं?"

मी सांगितलं. दहा मिनिटं लागली असतील. आणि त्यांना कळलं, आत्या! मग मला रडू आवरेना. तुमच्या आठवणीनं रडतेय, असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण फक्त तुम्हाला सांगता येईल, म्हणून हे पत्र. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, तरीही.

त्या दुष्काळात मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दूध संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली होती. तुम्ही म्हशीसोबत तिथंच राहायचात. हे संस्थेच्या दुधाच्या गाडीवर. टँकरचं पाणी भरणं माझ्याकडे. आणि तशात पत्र आलं! कॉलेजच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे अणुकेंद्राच्या संशोधनाचं काम शिकवणार होते, दूर परराज्यात, आणि मी निवडले गेले होते. सरांनी अर्ज भरायला लावला होता. घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं.

मी छावणीत आले ती 'जात नाही' हे सांगायला. तुम्ही शेणाचे हात पुसले आणि विचारलंत, "कावून न्हाई?"

"पाणी कोण भरणार?"

"माझे हात काय हितं दाव्याला बांधलेत? जा तू."

बाया हसल्या. सून शिकायला आणि सासू पाण्याला! तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

तिथं पहिले पंधरा दिवस मी फक्त घाबरलेली होते. मोठ्या शहरांतली मुलं भराभर इंग्रजी बोलायची. फोनवर तुमचा प्रश्न ठरलेला, "पानी हाय का तिथं?" मी म्हणायची, आहे. पण तिथल्या संशोधनाच्या यंत्रातले भलेमोठे चुंबक तापू नयेत म्हणून नळ्यांमधून दिवसभर पाणी खेळवतात, हे कधी नाही सांगितलं. पहिल्या दिवशी तो खळखळाट ऐकून मी जागीच थांबले होते. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

आणि तुम्ही तरी मला कुठं सगळं सांगितलंत? टँकरपाशी रेटारेटीत चिखलात पडलात, मनगट मोडलं, गावातल्याच एकाकडून बांधून घेतलंत. "तिला कळवू नका, अर्ध्यात टाकून यील," असं यांना बजावलंत. मी परत आले तेव्हा तुम्ही डाव्या हातानं कळशी उचलत होतात. उजवा वाकडाच जुळला होता.

मी ओरडले, "मला का नाही सांगितलं?"

"सांगून हाड जुळलं असतं का? ते ऱ्हाऊ दे. तू सांग, तिथं काय केलंस?"

मला लाज वाटत होती, तुमच्या हाताची आणि माझी. आणि लाजेनं माणूस किती वाईट बोलतं! मी म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते, आत्या."

"असंल," एवढंच म्हणालात तुम्ही. आणि मग इतक्या वर्षांत, मी एमएस्सी झाले, कॉलेजात शिकवायला लागले, तरी पुन्हा कधी विचारलं नाहीत. एकदा तरी विचारायचं होतंत! की मीच आपणहून सांगायचं होतं?

तर ऐका. प्रत्येक वस्तूच्या आत अणू, अणूच्या आत गाभा. तो भिंगातूनही दिसत नाही. मग त्याच्यावर बारीक कण जोरात आदळायचे आणि काय बाहेर पडतं ते पाहून आत काय आहे ते ओळखायचं. कणांना पळवायला लांबलचक नळी असते. तिच्यात हवासुद्धा राहू द्यायची नाही, नाहीतर कण हवेलाच धडकतात. आमच्या नळीत कुठूनशी हवा शिरत होती. ती जागा शोधणं, हे माझं काम. एकेका सांध्यावर बाहेरून वेगळा वायू सोडायचा. तो आत शिरला की यंत्र सांगतं.

तीन दिवस काही सापडेना. चौथ्या दिवशी एका सांध्यापाशी काटा हलला. उघडून पाहिलं, तर रबराच्या कड्यावर माणसाचा एक केस! एका केसानं सगळं काम अडवलं होतं. मोठे सर म्हणाले, "कुणी शोधलं?" मी हात वर केला. त्या क्षणी तुम्ही तिथं असायला हव्या होतात, असं वाटलं होतं मला. खरंच वाटलं होतं, आत्या.

एवढंच होतं ते. यातलं काय कळलं नसतं तुम्हाला?

यंदा माझ्या वर्गातली नांदूरघाटची एक मुलगी तशाच कामाला निघाली आहे. तिची आई ऊस तोडते. मी तुम्हाला शब्द देते, परत आल्यावर माझ्याकडे अहवाल घेऊन येण्याआधी ती आईपुढे बसेल आणि तिच्या बोलीत सगळं सांगेल. पुढं जाणारी प्रत्येक मुलगी तसंच करेल. आणि 'आईला नाही कळलं' असं कुणी म्हणालीच, तर मी तिला नीट सांगून यायला परत घरी पाठवीन.

तुमची सून,
सुजाता